ठीक आहे ना?

माझं आजोळ कोरेगाव तालुक्यातलं. मे महिन्यात सगळी मामे-मावस भावंडं तिथं जमायची आणि न्याहारी झाली की विहिरीवर पळायची. पोहायला शिकवायची आमच्याकडे एकच रीत होती. कमरेला पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा, चार दिवस पायऱ्यांशी हातपाय मारू द्यायचे, पाचव्या दिवशी डबा सोडायचा आणि मामानं मागून येऊन काठावरून ढकलून द्यायचं. पोर तयार झालंय की नाही हे मामा ठरवायचा. पोराला विचारायची पद्धत नव्हती. ढकलण्याआधी मामा एकच मंत्र द्यायचा : छाती भरून घे, तोंड मीट, श्वास धरून ठेव, पाणीच तुला वर आणतं. आणि खरोखरच आणायचं. त्या विहिरीत आम्ही अकरा भावंडं शिकलो. मी नवव्या वर्षी.

पुढं पंचवीस वर्षांनी, २०१३ साली, मी अंदमानात स्कूबा डायव्हिंग शिकायला गेले. ज्याला आता स्वराज द्वीप म्हणतात त्या हॅवलॉक बेटावर. पहिल्याच तासाला इन्स्ट्रक्टरनं फळ्यावर एक वाक्य लिहिलं आणि ते चार दिवस पुसलं नाही : श्वास कधीही कोंडू नका. सिलिंडरमधून आपण जी हवा ओढतो ती भोवतालच्या पाण्याच्या दाबानं आत येते. दहा मीटर खाली हा दाब वरच्यापेक्षा दुप्पट असतो. तिथं छाती भरून घेतलेली हवा कोंडून माणूस वर आला, तर पृष्ठभागापाशी येईतो ती दुप्पट जागा मागते आणि फुप्फुसांत तेवढी जागा नसते. खोली फार लागते असंही नाही. भरलेली छाती कोंडून चार-पाच फुटांतून वर आलं तरी इजा होऊ शकते. म्हणजे मामाचा मंत्र इथं जिवावर बेतणारा होता. तो अंगातून काढायला मला तीन दिवस लागले. मास्कमध्ये जरा पाणी शिरलं की छाती आपोआप बंद व्हायची आणि समोरचा इन्स्ट्रक्टर ओठांशी बोट नेऊन बुडबुडे सोडून दाखवायचा : सोड, श्वास सोड.

हे सगळं सांगायचं कारण असं, की माझा मुलगा मोठा होऊन ‘मलाही यायचंय’ म्हणाला तेव्हा श्वासाचा धडा मी विसरले नव्हते, पण पोर तयार आहे की नाही हे ठरवायची मामाची पट्टी माझ्याकडे तशीच शिल्लक होती. पोहतो चांगला. पाण्याला भीत नाही. मग आहे तयार.

डिसेंबर २०२१. तो पावणेअकरा वर्षांचा होता. आम्ही मालवणला गेलो. समोर सिंधुदुर्ग. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर बांधायला घेतलेला, भोवती खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी. मुलगा त्या विहिरींवर खूश होता, मी किल्ल्याच्या बाहेरच्या खडकांवर. किनाऱ्यावर जागोजागी पाट्या होत्या : पोहता येत नसलं तरी चालेल. तिथला स्कूबा म्हणजे बहुतेकदा वीसेक मिनिटांची पहिली ओळख असते. इन्स्ट्रक्टर मागून सिलिंडर धरून ठेवतो, तोच खाली नेतो, तोच फिरवतो, माणसानं फक्त श्वास घ्यायचा आणि मासे बघायचे. त्यात वाईट काही नाही. शेकडो लोकांनी समुद्राच्या आत पहिली नजर टाकली ती मालवणमुळेच.

रात्रीच्या एसी गाडीच्या प्रवासात मुलाचं नाक चोंदलं होतं. मला ते माहीत होतं. सकाळी तो दोनदा शिंकरला, तेही मी पाहिलं. बोटीवर एक वयस्कर नाखवा होते, दोर गुंडाळत बसले होते. त्यांनी मुलाकडे बघितलं आणि मला म्हणाले, “ताई, झिलाक इचारलात काय?” मी म्हटलं, “त्याचाच हट्ट आहे, काका.” ते आणखी काही बोलले नाहीत. हट्ट त्याचा होताच. पण तो पुण्यात, महिन्याभरापूर्वी केलेला. त्या सकाळी, त्या पाण्याकडे बघताना, चोंदलेल्या नाकानं, त्याला जायचं होतं का, हे मी विचारलं नव्हतं.

माझं सर्टिफिकेट दाखवून मी त्याच्या शेजारूनच उतरले. पाण्याखाली बोलता येत नाही, त्यामुळे हाताच्या खुणा चालतात. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला की ‘सगळं ठीक’. हीच खूण विचारायलाही आणि हीच उत्तराला. मी दर मिनिटाला गोल करून दाखवत होते आणि तोही दरवेळी गोल करून दाखवत होता. पट्टेरी माशांचा थवा आला, मी गोल केला, त्यानं गोल केला. आम्ही पाचेक मीटरवर होतो. वर आलो, त्यानं मास्क काढला, आणि मास्कच्या नाकाच्या कप्प्यात गुलाबी शेंबूड होता. रक्त मिसळलेला.

त्याला तसंच डॉक्टरकडे नेलं. त्या डॉक्टरबाई चांगल्या निघाल्या. कानाचा पडदा लालभडक झाला होता, फाटला नव्हता. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. घशाच्या मागून मध्यकर्णाकडे एक नळी जाते. मोठ्या माणसात ती उतरती असते, लहान मुलात अरुंद आणि जवळजवळ आडवी. सर्दीत ती सुजून बंद होते. खाली जाताना नाक दाबून हलकेच फुंकून कान मोकळे करायचे असतात, म्हणजे या नळीतून आत हवा पोचवायची असते. ती पोचली नाही की बाहेरचं पाणी पडद्याला आत रेटत राहतं. त्यात आई-वडील म्हणतात, जेमतेम पंधरा फूट तर गेला होता! पण दाबामुळे आतल्या हवेच्या आकारमानात होणारा सगळ्यात मोठा बदल पहिल्या दहा मीटरांतच होतो. तिसाव्या मीटरकडून चाळिसाव्याकडे जाताना कानाला जेवढं कळतं, त्याहून कितीतरी जास्त या पहिल्या पंधरा फुटांत.

रात्री झोपताना मी त्याला विचारलं, “दुखत होतं तर सांगितलं का नाहीस?”

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “तू सारखं विचारत होतीस, ठीक आहे ना, ठीक आहे ना. आणि तुझे डोळे इतके हसत होते.”

मास्कमधून फक्त डोळेच दिसतात. तोंडात रेग्युलेटर, नाक कप्प्यात, बाकी चेहरा झाकलेला. त्यानं माझे डोळे बघितले आणि कान दुखत असताना गोल करून दाखवला. इन्स्ट्रक्टर मागे होता, त्याला काही दिसणं शक्य नव्हतं. मला दिसू शकलं असतं, पण मी ज्या उत्तराची वाट बघत होते तेच मला दिसलं.

त्या दिवसापासून मराठीतला एक ‘ना’ माझ्या कानाला टोचायला लागला. आवडलं ना? दुखत नाही ना? भीती नाही ना वाटत? जेवलास ना? पेपर बरा गेला ना? आपण मुलांना विचारतो तेव्हा प्रश्नाच्या शेपटीला उत्तर बांधूनच देतो. मुलानं फक्त मान डोलवायची असते. यात माया असते हे खरंच. पण ज्या मुलाला आईचा जीव हलका करायची सवय लागली आहे ते मूल तिला खरं सांगत नाही, बरं वाटेल ते सांगतं. माझा मुलगा असाच होता, आणि समजूतदार म्हणून घरादारात त्याचं कौतुक व्हायचं. सहामाहीत गणित बिघडलं तेव्हाही ‘ठीक गेलाय’ म्हणाला होता. जमिनीवर याची किंमत एक चाचणी परीक्षा असते. पाण्याखाली ती दुसरी असते.

दीड वर्ष आम्ही समुद्राकडे गेलो नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले. ती बातमी वाचताना मला आठवेना, की आपण ज्या बोटीत मुलाला बसवलं तिच्यात माणसं किती होती आणि लाइफ जॅकेट किती. मी खडकांकडे बघत होते.

त्या दीड वर्षात आम्ही घरात एक गोष्ट केली. डायव्हिंगमध्ये अंगठा वर करणं म्हणजे ‘छान’ नव्हे. ‘वर चला’. मोबाइलवर दिवसभर अंगठे पाठवणाऱ्या मुलांचा यात हमखास घोटाळा होतो, म्हणून ही खूण सगळ्यांत आधी पक्की करून घेतात. आणि ती खूण कोणीही, कधीही, कुठल्याही कारणानं किंवा कारणाशिवाय केली, की सगळ्यांनी वर जायचं. का, असं विचारायचं नाही, पाण्यात नाही आणि बोटीवरही नाही. हा पाणबुड्यांमधला जुना आणि मला सगळ्यांत शहाणा वाटणारा नियम. आम्ही तो घरी लागू केला. त्याला कुठंही, काहीही नकोसं झालं की अंगठा वर करायचा आणि आम्ही तिथून निघायचं. सुरुवातीला सहा महिने त्यानं एकदाही केला नाही. मग एका लग्नात, पंगतीला पाट मांडलेले असताना, नातेवाइकांच्या गराड्यात तो कुठल्याशा काकांच्या प्रश्नांना उत्तरं देत उभा होता, आणि लांबून माझ्याकडे बघून त्यानं अंगठा वर केला. आम्ही न जेवता निघालो. सासूबाईंना वाईट वाटलं, त्यांना नंतर समजावलं. मला मात्र त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटलं, की हा कधीतरी माझ्याबरोबर खाली येऊ शकेल.

२०२३ च्या उन्हाळ्यात, त्याला बारा पूर्ण झाल्यावर, पुण्यातल्या तलावात त्याचा कोर्स सुरू केला. पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या नियमाप्रमाणे दहाव्या वर्षापासून ज्युनिअर ओपन वॉटर करता येतं. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला बारा मीटरची मर्यादा, सोबत आई-वडील किंवा इन्स्ट्रक्टरच हवेत. बारा ते चौदा वयात कोणी सर्टिफिकेटधारक मोठं माणूस सोबत असलं की अठरा मीटर. त्याआधी दोनशे मीटर न थांबता पोहायचं आणि दहा मिनिटं कशाचाही आधार न घेता तरंगायचं. विहिरीत शिकलेल्यांना तरंगण्याचं काही वाटत नाही, पण तलावात लेन मोजत वाढलेल्या मुलांना दहा मिनिटं नुसतं पडून राहणं फार जड जातं. माझा मुलगा सातव्या मिनिटाला कंटाळून रडवेला झाला, आणि तसाच पडून राहिला.

फॉर्म भरताना जे झालं ते सांगायलाच हवं. आजारांच्या यादीत दम्याचा प्रश्न होता. तीन वर्षांचा असताना त्याला बाळदमा होता. पाचव्या वर्षानंतर पंप कपाटातून काढावा लागलेला नव्हता. तिथं ‘हो’ लिहिलं की डॉक्टरांची सही लागणार, म्हणजे तपासण्या आणि दोन-तीन आठवडे. माझं पेन ‘नाही’पाशी गेलं होतं. तो शेजारी बसून वाचत होता. म्हणाला, “आई, मला होता. तू ‘हो’ लिही.” मी ‘हो’ लिहिलं. छातीच्या डॉक्टरांनी त्याला पळवून, फुंकायला लावून, सगळे आकडे बघून सही दिली. दम्यात बारीक श्वासनलिका आवळल्या तर त्यांच्या पलीकडे हवा अडकते आणि वर येताना ती अडकलेली हवा फुगते. हे मला २०१३ पासून माहीत होतं, तरी पेन ‘नाही’कडे गेलं होतं.

तलावात मी काठावर बसून बघायची. मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरून घ्यायचं आणि नाकानं फुंकून ते बाहेर काढायचं, हा धडा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. कारण तिथं शरीर एक सांगतं आणि डोक्यानं दुसरं करायचं असतं. पहिल्यांदा पाणी नाकाशी आलं आणि तो सरळ उठून उभा राहिला. दीड मीटरचं पाणी, उभं राहणं सोपं. दुसऱ्यांदा पुन्हा उठला. तिसऱ्यांदा त्यानं डोळे घट्ट मिटले, गुडघ्यांवरच राहिला, बुडबुडे थांबले (माझी छाती आवळली), मग पुन्हा सुरू झाले, एक, दोन, आणि मास्कच्या खालच्या कडेतून पाणी हळूहळू उतरत गेलं. मास्क रिकामा झाल्यावर त्यानं काठाकडे बघितलं नाही. समोरच्या इन्स्ट्रक्टरकडे बघितलं. मला ते बरं वाटलं.

एक गोष्ट मात्र मलाच शिकवायची होती आणि ती मी तीन आठवडे पुढं ढकलली. डायव्हिंग जोडीनं करतात, एकमेकांवर लक्ष ठेवून. एकाची हवा संपली तर दुसऱ्यानं आपली द्यायची, एकाला काही झालं तर दुसऱ्यानं वर आणायचं. पण तो अडतीस किलोचा आणि मी एकसष्ट. मला चक्कर आली, काही झालं, तर तो मला वर आणू शकणार नव्हता, आणि त्यानं तसा प्रयत्नही करता कामा नये. म्हणून आमच्याबरोबर कायम तिसरं माणूस असणार, इन्स्ट्रक्टर, हे मी आधीच ठरवलं होतं. मूल सोबत असताना दोघांची जोडी म्हणजे खरं तर एकटं जाणं, असं माझं स्पष्ट मत आहे. हे सगळं त्याला सांगायचं म्हणजे शेवटी एकच वाक्य उच्चारायचं होतं. एका रविवारी, पोहे खाताना, मी ते म्हटलं. “खाली मला काही झालं तर तू मला धरायचं नाही. सर मला बघतील. तू अंगठा दाखवायचा, श्वास चालू ठेवायचा आणि सावकाश वर जायचं.”

“आणि तू?”

“मी सरांबरोबर.”

“मी तुझा हात सोडून एकटा वर जायचं?”

“हो.”

तो पोहे चिवडत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी ‘काही होणार नाही रे’ असं म्हटलं नाही. ते ओठांवर आलं होतं. थोड्या वेळानं तो म्हणाला, “मला हे जमेल का ते मला अजून माहीत नाही.” तेव्हा आम्ही जुलैमधला अंदमानचा विचार सोडून दिला. तसाही तो पावसाचा काळ. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबलो. मधल्या काळात तीन-चारदा त्यानं आपणहून तो विषय काढला आणि एकदा म्हणाला, “सोडीन. पण मला राग येईल.” मी म्हटलं, येऊ दे.

नोव्हेंबर २०२३. पहिले दोन डायव्ह हॅवलॉकच्या निमो रीफवर झाले, उथळ, वाळूचा तळ, नवशिक्यांची जागा. तिसऱ्याला बोटीनं थोडं बाहेर गेलो. दोराला धरून उतरत होतो. इन्स्ट्रक्टर त्याच्या समोर, मी हातभर अंतरावर. दर मीटरला तो थांबून नाक दाबत होता, कान मोकळे करत होता. सहा-सात मीटरवर तो थांबला. इन्स्ट्रक्टरनं गोल करून विचारलं. त्यानं खाली बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि अंगठा वर केला.

इन्स्ट्रक्टरनं लगेच अंगठा वर केला, मीही केला. बुडबुड्यांपेक्षा हळू, श्वास सोडत, आम्ही तिघे वर आलो. बोटीवर कोणी काही विचारलं नाही. त्याला टॉवेल दिला, मुलांना पाण्यात लवकर थंडी वाजते, ओठ निळसर झाले होते. तो बिस्किटं खात बसला. दुसरे पाणबुडे वर येऊन काय काय दिसलं ते सांगत होते, ते ऐकत होता. मी त्याच्याकडे फारसं बघितलं नाही. माझे डोळे त्याला वाचता येतात, हे मला आता माहीत होतं.

संध्याकाळी किनाऱ्यावर चालताना तो आपणहून म्हणाला, “कान ठीक होते. फक्त खालचं निळं संपतच नव्हतं. मला नको वाटलं.”

मी म्हटलं, “बरं झालं वर आलास.”

मला ओळखीचे आई-बाप विचारतात, कितव्या वर्षी न्यावं? नियम सांगतो, दहा. माझ्या लेकाला साडेबारा लागली, आणि माझ्या ओळखीत एक सोळा वर्षांचा धडधाकट मुलगा आहे ज्याला मी आज नेणार नाही, कारण वडील समोर असले की त्याच्या तोंडून ‘नको’ हा शब्द निघत नाही. दिवाळीत, नाताळात मालवणला गर्दी होते. तुम्ही जाणार असाल तर मुलाला सर्दी असताना उतरवू नका, बोटीत चढण्याआधी माणसं आणि जॅकेटं मोजा, आणि त्याला चुलत भावंडांपासून जरा बाजूला घेऊन एकदा विचारा, जायचंय का? एवढंच. शेवटी ‘ना’ लावू नका. तो ‘नको’ म्हणाला तर पैसे परत मिळणार नाहीत. ते जाऊ द्यात.

अंदमानात दुसऱ्या दिवशी तो त्याच जागी पुन्हा उतरला. अकरा मीटर, चौतीस मिनिटं. लॉगबुकमध्ये त्यानं आदल्या दिवशीच्या डायव्हचीही नोंद केली आहे, खोली सात मीटर, वेळ सहा मिनिटं, आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘मी वर चला म्हणालो’ एवढंच. त्याला पंधरा पूर्ण झाली की त्याच्या कार्डावरचा ‘ज्युनिअर’ हा शब्द जाईल आणि नियमाप्रमाणे त्याला माझी गरज उरणार नाही.